परदेशी जाणाऱ्यांच्या विमलताई

विमलताई मेश्राम कुणाच्याही घरी गेल्या की आधी पर्सचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवायच्या आणि मग बसायच्या. आमच्या खोलीत खुर्ची एकच होती आणि चोराला उभं राहायलाही जागा नव्हती, तरी त्या तसंच करायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, इथून कोण नेणार आहे?" तर म्हणाल्या, "हाताला सवय पाहिजे, मंगल. हात काय घर बघून वागत नाही."

दिल्लीत मयूर विहारला आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. आम्ही तळमजल्यावर मागच्या बाजूला भाड्याने. माझे यजमान नोएडाला कारखान्यात होते आणि मी सोसायटीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून विमलताईंचा विषय निघाला आणि लोक हसले की मी उठून आत जाते. आत जाऊन जे मनात येतं ते इथे लिहिते आहे.

ताई मूळच्या नागपूरच्या. सरकारी खात्यात स्टेनो म्हणून लागल्या आणि अधिकारी होऊन रिटायर झाल्या. यजमान लवकर गेले. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, लग्न होऊन अमेरिकेत. नोकरीत असताना ताईंना साहेबलोकांबरोबर टिपणं घ्यायला तीन-चार देशांत जावं लागलं होतं. साहेब मीटिंगमध्ये बसायचे आणि त्यांच्या बॅगा, तिकिटं, पासपोर्ट ताईंकडे. एका स्टेशनवर त्यांच्या एका साहेबाचं पाकीट मारलं गेलं. भोवती घोळका करून उभं राहायचं, एकाने नकाशा तोंडासमोर धरायचा, दुसऱ्याने खिशात हात घालायचा, हे सगळं ताईंनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून त्यांनी तो विषयच हातात घेतला.

त्या दिवसांत नोएडात काचेच्या इमारती उठत होत्या. आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरातला मुलगा नाहीतर सून कंपनीतर्फे बाहेर जायची आणि मागून आईवडील पासपोर्ट काढायचे. ज्यांनी निजामुद्दीन स्टेशनला गाडीत बसून गावी जाण्यापलीकडे प्रवास केला नव्हता अशी माणसं विमानात बसायला लागली. त्यांना काय माहीत असणार? कुणीतरी म्हणायचं, ताईंना विचारा. मग रविवारी दुपारी ताईंच्या बैठकीत चार-सहा जण जमायचे. ताई चहा करायच्या आणि शिकवायच्या.

शिकवणं म्हणजे भाषण नव्हे, त्या करून दाखवायच्या. पासपोर्ट कुठे ठेवणार, दाखवा. पर्समध्ये? चूक. कमरेला, साडीच्या आत. त्यासाठीचे कापडी बटवे त्या माझ्याकडून शिवून घ्यायच्या. वरच्या पाकिटात थोड्याच नोटा ठेवा, कुणी अडवलं तर ते पाकीट द्या आणि चालू लागा, भांडू नका. हॉटेलच्या खोलीचा नंबर मोठ्याने बोलू नका. टॅक्सी रांगेतली घ्या, जवळ येऊन "चलो आंटी" म्हणणाऱ्याची घेऊ नका. दुसऱ्याची पिशवी क्षणभरही हातात धरू नका, आत काय आहे ते पोलीस तुम्हालाच विचारतील. आणि कुणी काहीही करायला सांगितलं की आधी मनात विचारा, घाई कोणाला आहे? मला आहे की याला? घाई त्याला असली तर जागचं हलू नका.

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की भाजीवाला "जल्दी बोलो आंटी" म्हणाला की त्या टोमॅटो परत टोपलीत ठेवायच्या.

सोसायटीचे सेक्रेटरी देशमुखसाहेब बँकेत होते. कमिटीची माणसं त्यांच्यापुढे जरा दबूनच असायची. ते एका रविवारी आले आणि म्हणाले, "ताई, हे सगळं अडाण्यांसाठी ठीक आहे. आम्ही रोज नोटा हाताळतो, आमचं पाकीट कोण मारणार?"

ताई चहा आणायला आत गेल्या. चहा देताना एकदम म्हणाल्या, "अहो साहेब, खांद्यावर काय पडलंय तुमच्या? हलू नका, हलू नका." खरंच हिरवी चटणी होती. साहेब चिडले, मान वळवून बघायला लागले, ताई रुमालाने पुसायला लागल्या, "सॉरी हं, माझ्याच हातून सांडली वाटतं." पुसून झालं, साहेब खुर्चीत टेकले आणि ताईंनी त्यांचं पाकीट बशीत ठेवून बिस्किटांसारखं त्यांच्यापुढे केलं.

सगळे इतके हसले की समोरच्या फ्लॅटमधली मंडळी बाहेर आली. देशमुखवहिनी तर डोळे पुसत होत्या. साहेब हसले नाहीत. "शर्ट नवा होता," एवढंच म्हणाले. ताई म्हणाल्या, "तिकडे करतात तेव्हा कोट नवा असतो." माझ्या मते ते हसू साहेबांच्या मनात तसंच राहिलं.

पण ताईंचं शिकवणं फुकट जायचं नाही. सोनल नावाची मुलगी कंपनीतर्फे युरोपात गेली होती. तिला रस्त्यात दोघांनी गाठलं, आम्ही पोलीस आहोत, नकली नोटा तपासतो आहोत, पाकीट दाखव. ती म्हणाली, चला, ठाण्यावर जाऊ, तिथे दाखवते. ते दोघे गर्दीत नाहीसे झाले. सोनलने फोन करून ताईंना सांगितलं. ताई त्या दिवशी जिना चढताना दर मजल्यावर थांबल्या आणि प्रत्येक दार वाजवून सांगत गेल्या. आमच्याकडे सांगून गेल्या आणि संध्याकाळी पुन्हा आल्या. "मंगल, मी तुला सोनलचं सांगितलं का गं?" मी नाही म्हटलं. त्यांचा चेहराच तसा होता.

आता ताईंची दुसरी सवय सांगायला हवी. ती फक्त त्यांचीच होती असं नाही, दिल्लीत राहणाऱ्या आम्हा सगळ्याच मराठी माणसांची आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं की आमची हिंदी सुरू होते. बसमध्ये, बाजारात, मुलांच्या शाळेत दिवसभर हिंदी. अशात मागून कुणी मराठी बोललेलं ऐकू आलं की आम्ही वितळतो. मान वळवून "तुम्ही मराठी का? कुठले?" विचारल्याशिवाय राहवत नाही. ताईंचं तर त्याहून पुढे होतं. कस्तुरबा गांधी मार्गावर सरकारी अतिथिगृहात उतरलेलं एक अनोळखी जोडपं त्यांना बसस्टॉपवर भेटलं, तर ताई त्यांना घरी जेवायला घेऊन आल्या. मी पोळ्या लाटायला गेले होते. हळूच म्हटलं, "ताई, ओळख ना पाळख." तर म्हणाल्या, "अगं, आपल्या भंडाऱ्याचे आहेत!" जशी काही भंडाऱ्यात सगळी देवमाणसंच राहतात.

पुण्यामुंबईची मराठी दिल्लीत थोडीफार ऐकू येते. ताईंची वऱ्हाडी बोली मात्र ऐकायला मिळायची नाही. ऑफिसात कुणी हसू नये म्हणून त्यांनी स्वतःच ती टाकली होती. फक्त फार राग आला की निघते, असं त्या म्हणायच्या.

प्रज्ञाला दिवस गेले. सासू आजारी, तिकडे मदतीला कुणी नाही, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलेलं. ताईंनी व्हिसा काढला, तिकीट काढलं. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, माझ्याकडून शिवून घेतलेली झबली, टोपडी, दुपटी. निघण्याच्या दिवशी सगळी सोसायटी खाली जमली. देशमुखसाहेब म्हणाले, "चोरांनो, सांभाळा रे, ताई येतायत." ताई स्वतः हसल्या. घराची दुसरी किल्ली माझ्याकडे दिली, झाडांना पाणी घालायला.

चारेक दिवसांनी मी दुपारी वर गेले. कुलूप नव्हतं, दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते हळूच ढकललं. आत पडदे ओढलेले आणि ताई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या. प्रवासाचीच साडी. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"दार लाव, मंगल. कुणाला बोलू नकोस."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मध्ये विमान बदलायचं होतं. पहिलं विमान उशिरा पोहोचलं, पुढचं चुकलं. विमान कंपनीने सगळ्यांना हॉटेलात उतरवलं. तिथे एक माणूस आणि त्याची बायको. बायको ताईंकडे बघून हसली आणि तो म्हणाला, "काऊन हो ताई, एकट्याच चालल्या काय?"

"मंगल, इतक्या वर्षांनी मला कुणी तसं बोललं गं. माझ्या भावासारखा."

दोघं अकोल्याची म्हणे. मुलाकडे चाललेली. ताईंनी त्यांना लाडू दिले. बाई प्रज्ञाची चौकशी करत होती, कितवा महिना, काय खाते. मग तो म्हणाला, हॉटेलवाल्यांना पासपोर्टची झेरॉक्स द्यावी लागते, तिकडे रांग आहे, तुम्ही बसा, मी आमच्याबरोबर तुमचीही करून आणतो. ताईंनी कमरेचा बटवा सोडला आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिला. थोड्या वेळाने बाई म्हणाली, हे कुठे अडकले, मी बघून येते. दोघंही परत आली नाहीत. ती दोघं त्या हॉटेलात उतरलेलीच नव्हती.

"घाई केली नाही गं त्यानं," ताई म्हणाल्या. "अजिबात घाई केली नाही."

पासपोर्टबरोबर व्हिसा गेला. तिथल्या आपल्या वकिलातीने जो कागद दिला त्यावर फक्त भारतात परत येता येत होतं. त्या परत आल्या. विमानतळावरून टॅक्सी केली ती सोसायटीच्या मागच्या फाटकाशी, दुपारच्या वेळी, जेव्हा सगळे झोपलेले असतात.

मी म्हटलं, "ताई, मग उद्याच नवीन पासपोर्टला लागा. अजून वेळ आहे."

"नव्या पासपोर्टला पोलीस चौकशीला येतात. दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात."

"मी करते ना सही. मला येते सही."

"एक तू. दुसरा कोण? पोलीस आधी सेक्रेटरीकडेच जातो. देशमुख विचारेल, पहिला कुठे गेला?"

आणि मग जे त्यांनी केलं त्याचा मला आजही राग येतो. चोराने एकदा नेलं. बाकीचं त्यांनी स्वतः घालवलं. त्या घरातच बसल्या. लोकांना वाटत होतं ताई अमेरिकेत आहेत. त्या पडद्याआड, पायात चप्पल नाही, नळसुद्धा बारीक धारेने सोडायच्या. मी झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने पिशवीत भाजी आणि दूध न्यायची. प्रज्ञाचा फोन यायचा. ती बिचारी तिकडे पलंगावर पडून दिवस मोजत होती. ताई दबक्या आवाजात म्हणायच्या, "हो गं, काम चालू आहे. साहेबांशी बोलले आहे." काहीच चालू नव्हतं. फॉर्मसुद्धा आणला नव्हता.

मी रोज सांगायची. माझ्यासारखी न बोलणारी बाई रोज बोलायची. "ताई, लोक हसतील चार दिवस. पोरगी एकटी आहे."

"तुला नाही कळणार, मंगल. मी अर्ध्या सोसायटीला शिकवलं."

"म्हणून काय तिला एकटीला बाळंत होऊ देणार?"

त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी भांडी आपटून घासायची. आवाज होईल म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या, त्याने मला अजूनच राग यायचा. एवढी मोठी अधिकारी बाई, साहेबांना सुनावणारी, आणि स्वतःच्याच घरात उंदरासारखी राहत होती.

असे कित्येक आठवडे गेले. मग एक दिवस मी भाजी घेऊन गेले तेव्हा बोलता बोलता सांगितलं की देशमुखवहिनी आज परदेशी मुलाकडे निघाल्या आहेत. साहेबांना सुट्टी मिळाली नाही म्हणून एकट्याच.

"कुठल्या विमानाने?"

मला काय माहीत? पण मध्ये कुठे बदलायचंय ते वहिनी ब्लाउज घ्यायला आल्या तेव्हा बोलल्या होत्या, ते मी सांगितलं. ताईंचा पासपोर्ट गेला तेच गाव.

ताई उठल्या. खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. खाली टॅक्सी उभी होती, डिकीत बॅगा चढत होत्या, बायका वहिनींच्या हातावर दही घालत होत्या. ताई तशाच उभ्या. मग त्या दाराकडे गेल्या, चपला शोधल्या, सापडल्या नाहीत, तशाच जिना उतरल्या.

चुरगळलेली साडी, अनवाणी, केस विस्कटलेले. देशमुखसाहेब म्हणाले, "अरे! ताई? अमेरिकेतून कधी आलात?"

"मी अमेरिकेत पोचलेच नाही."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं. वहिनींकडे बघून, जसं रविवारी शिकवायच्या तसं. ती दोघं कुठे बसली होती, काय बोलली, पासपोर्ट कसा मागितला. काही गाळलं नाही. स्वतः बटवा सोडून दिला तेही सांगितलं.

सांगून झालं. मग देशमुखसाहेब म्हणाले, "म्हणजे मास्तरीणबाईच नापास!"

हसले. सगळे हसले. मोठ्याने नाही, पण हसले. ज्यांचे पासपोर्ट या बाईमुळे कमरेला सुखरूप राहिले तेही हसले. त्या हसणाऱ्यांची तोंडं मला आजही एकेक आठवतात. सोसायटीच्या पार्कात भेटतात तेव्हा मी दुसरीकडे बघते.

देशमुखवहिनी हसल्या नाहीत. त्या टॅक्सीत बसल्या होत्या त्या खाली उतरल्या.

"कसा दिसत होता हो तो?"

"आपल्यासारखा," ताई म्हणाल्या. "तुमच्या भावासारखा दिसेल."

वहिनींनी मान डोलवली. मग ताईंचा हात धरला. "इतके दिवस तुम्ही वर बसून होतात? आणि प्रज्ञाकडे कोण आहे?"

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अहो, त्यांचा फॉर्म येईल त्यावर सही करायची. न बोलता करायची." आणि टॅक्सीत बसून गेल्या.

फॉर्म भरला. सही साहेबांनी केली, पण न बोलता केली नाही. चौकशीला आलेला पोलीस म्हणाला, "पढ़ी-लिखी होकर ऐसे कैसे दे दिया, माताजी?" ऑफिसातल्या खिडकीवरचा क्लार्कही तेच म्हणाला. जावई फोनवर म्हणाले, "आई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या..." मला कळत नाही, शिकलेल्या माणसाला गावच्या बोलीची आठवण येऊ नये असा काही नियम आहे का? पण हे मी कुणाला विचारणार?

कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होते तेवढ्यात तिकडे प्रज्ञा बाळंत झाली. मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. नवरा बाहेर उभा आणि जवळ एक शेजारीण, तिच्या भाषेचीसुद्धा नाही. फोन आला तेव्हा मी ताईंकडेच होते. ताईंनी ऐकलं, "बरं, बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून माझ्यासमोर ती बोली निघाली. "माह्या पोरीपाशी कोणीच नव्हतं वं." मी त्यांना धरून बसले. माझा राग त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे. नंतर परत आला.

व्हिसासाठी पुन्हा रांगा, पुन्हा तीच प्रश्नोत्तरं. नात पालथी पडायला लागली तेव्हा कुठे ताईंचं तिकीट झालं. या वेळी खाली कुणाला जमू दिलं नाही. माझे यजमान कामावर होते, म्हणून मीच त्यांच्याबरोबर विमानतळावर गेले. रस्ताभर त्या कमरेचा बटवा चाचपत होत्या. मी घाबरट, मला वाटत होतं आता म्हणतील परत चल.

आत जाण्याच्या दारावर बंदूक घेतलेला शिपाई तिकीट आणि पासपोर्ट बघून एकेकाला सोडत होता. मला आत जायची परवानगी नव्हती. मी रेलिंगच्या अलीकडे उभी राहिले. ताईंची पाळी आली. शिपायाने हात पुढे केला. ताईंनी पासपोर्ट उघडला आणि स्वतःच्याच हातात घट्ट धरून त्याच्या डोळ्यांसमोर नेला.

"हाथ में दीजिए, मैडम."

"देख लीजिए ना, भैया. मैं पकड़ती हूँ."

"ऐसे नहीं होता. दीजिए."

मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी ट्रॉली पुढे ढकलली. "अरे आंटीजी, जल्दी कीजिए!" मला इकडून ओरडावंसं वाटलं, द्या ना ताई, तो खरा शिपाई आहे, द्या, तुमची नात वाट बघतेय. पण एवढ्या माणसांत माझा आवाज निघाला नाही.

ताईंनी पासपोर्ट दिला. शिपाई पानं उलटत होता, फोटो बघत होता, ताईंच्या तोंडाकडे बघत होता. ताई तिकडे बघत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे धरले होते, त्याच्या हाताच्या खाली, आणि पासपोर्ट परत ओंजळीत पडेपर्यंत ते हात त्यांनी खाली घेतले नाहीत.